भिंतीला घाम येतो

गावच्या घराची पडवी बंद करून खोली केली, त्या वर्षी गिलावा संपला आषाढ सरता सरता. पापड वाळत घालायला आषाढ निवडावा तसं झालं. पण आधी वाळू वेळेवर आली नाही, मग गवंडी वेळेवर आला नाही, आणि गणपती मात्र वेळेवर येणारच होते.

गवंडी थापी धुऊन निघताना म्हणाला, "सात दिवस पाणी मारा." मी मन लावून मारलं. भिंत पाणी अशी पिते की पाइप पुढे सरकतो न सरकतो तोच मागचा काळपटपणा फिका पडायला लागतो. बाहेर धो धो पाऊस आणि आत मी पाइप धरून उभा. शेजारचे काका खिडकीतून म्हणाले, "कौलं उतरव रे, आपोआप होईल."

सिमेंटचं हे मला तेव्हा कळलं, की ते वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. म्हणून आधी आठवडाभर भिंतीला सुकू द्यायचं नाही आणि नंतर ती सुकायची वाट बघत बसायचं. 28 दिवस तरी थांबावं म्हणतात, तेही हवा कोरडी असेल तर. कोकणात श्रावणात पोह्याच्या डब्यातले पोहेसुद्धा मऊ पडतात!

आमचे रंगारीमामा आले, त्यांनी भिंतीला पालथा हात लावला. "गार लागते." मग दुधाची रिकामी पिशवी कापून पुसून घेतली आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवली. सकाळी पिशवीच्या आतल्या अंगाला बारीक थेंब. "बघा, घाम येतोय हिला. गणपतीपुरता चुन्याचा हात मारू. चुना ओल अडवत नाही. बाकीचं शिमग्याच्या आधी बघू."

पण मला चुना नको होता. लहानपणी त्याला टेकलं की पाठ पांढरी व्हायची आणि वर आईचा धपाटा. पोरांचे हात पुसता यावेत म्हणून खाली कमरेइतका ऑइलपेंट, वर प्लॅस्टिक पेंट, असं माझं ठरलेलं. डबे आणूनही ठेवले होते. मामा म्हणाले, "घर तुमचं." या दोन शब्दांत केवढा इशारा असतो, ते घर आपलं होईपर्यंत कळत नाही.

भिंतीचे खळगे बुजवायची लांबी भरली, पॉलिश पेपरने घासून झालं. रात्री मामा दिव्याचा बल्ब भिंतीला चिकटवून तिरका धरत. समोरून गुळगुळीत वाटणारी भिंत त्या उजेडात खाचखळग्यांनी भरून जायची. ते पेन्सिलीने गोल करत जात, सकाळी तेवढंच पुन्हा घासत. भुवयांवर पांढरी पूड घेऊन ते चहाला बसले की थेट वठलेल्या म्हाताऱ्यासारखे दिसत.

गणपतीत खोली झकास दिसली. पितृपक्षात खालच्या पट्ट्याला फोड आले. एक दाबला तर आतून पाणी आलं, आणि बोटाला बुळबुळीत चिकटा. ताज्या गिलाव्यात चुन्याचा दाहक क्षार असतो, तो ओलीबरोबर वर येतो आणि रंगातल्या तेलाला भिडतो. क्षार आणि तेल म्हणजे काय, तर साबण. मी दोन डबे रंग आणून भिंतीवर साबण केला होता. वरच्या भागात लोणा फुटला, म्हणजे क्षाराची पांढरी पूड आली, तो मी ओल्या फडक्याने पुसला आणि चार दिवसांनी तो दुप्पट होऊन परत आला. कोरड्या ब्रशने झाडायचा असतो म्हणे.

दिवाळीनंतर सगळं खरवडलं आणि भिंत तशीच उघडी ठेवली. पाहुणे विचारत, "रंगाचं राहिलं वाटतं?" मी "हो" म्हणायचो.

माघात मामांनी पुन्हा दुधाची पिशवी चिकटवली. सकाळी ती कोरडी ठणठणीत निघाली. खिशात घालत म्हणाले, "आणा आता तुमचा डबा."

उरलेल्या डब्याचं झाकण उघडलं, तर रंगावर बोटभर जाड साय धरली होती.