झाडाखाली गाडी, उन्हात पॅनल: मांजर घेऊन मराठवाडा

मांजर सोबत घेऊन कॅम्परव्हॅनने मराठवाडा फिरायचा असेल, तर गाडीतल्या विजेचा हिशेब मांजराच्या दुपारपासून मांडायला घ्या. मोबाइल, दिवे, लॅपटॉप यांचं कसंही भागतं. मार्चमध्ये इथे पारा सहज 36 अंशांच्या वर जातो, पत्र्याचं छत तापतं आणि छतावरचा पंखा थांबला, तर आत झोपलेल्या जिवाला स्वतःहून बाहेर पडता येत नाही.

मी, दादा आणि आमची मांजर ठमी संभाजीनगरहून वेरूळ, पैठण, बीड, तुळजापूर करत नळदुर्गपर्यंत गेलो. विजेचं काम सुरुवातीलाच वाळूजच्या बाजूला, गाड्यांची बॉडी बांधणाऱ्या एका शेडमध्ये उरकलं. जुनी बॅटरी 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवर क्षमतेची ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड प्रकारची होती. कागदावर 1800 वॉट-अवर (साठलेल्या विजेचं माप), पण लेड-ॲसिड टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे हाती 900. शिवाय ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि ठमीचं अंथरूण नेमकं त्याच बाकावर. ती बॅटरी गाडीतून काढण्याचं माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं कारण होतं.

नवीन बॅटरी 12.8 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट. 80 टक्के वापरली तरी 2000 वॉट-अवरच्या वर मिळतात आणि वजन जुनीच्या निम्म्याच्या आसपास. छतावर 200 वॉटची दोन सौर पॅनल, त्यांच्यातून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरणारा एमपीपीटी कंट्रोलर, आणि गाडी चालू असताना चार्ज करायला 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. हा चार्जर टाळून बॅटरी थेट अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला) जोडून देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढत राहते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. पंखाही इन्व्हर्टरवरून काढून थेट 12 व्होल्टवर घेतला. पूर्ण वेगात तो 3 अँपिअर खातो, म्हणजे रात्रंदिवस चालला तरी साधारण 900 वॉट-अवर. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज, पंप, दिवे धरून दिवसाचा खर्च 1700 च्या आसपास जातो.

400 वॉटच्या पॅनलमधून चांगल्या उन्हात दिवसाला 1400 वॉट-अवर निघावेत असं गणित सांगतं. मांजर सोबत असलं की मात्र ते चुकतं, कारण ऊन जेव्हा सगळ्यात जास्त देणार, त्याच 11 ते 4 या वेळात गाडी कडुनिंबाखाली लावावी लागते. पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली आली तरी उत्पादन धाडकन खाली येतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की इथे तिसऱ्या पॅनलवर पैसे घालू नका. ते बॅटरी आणि डीसी-डीसी चार्जरवर घाला. तासभर गाडी चालली की त्यातून 400 च्या आसपास वॉट-अवर भरतात. दुसरा उपाय म्हणजे घडीचं पॅनल आणि 10 मीटर जाड केबल. पैठणला आम्ही गाडी झाडाखाली लावली आणि पॅनल उन्हात मांडून ठेवलं. छतावरची पॅनल पत्र्यापासून दोन इंच उचलून बसवा. खालून वारा खेळला की पॅनल कमी तापतं, आणि त्याच्या सावलीतला पत्राही कमी तापतो. ठमीने पहिल्याच दुपारी नेमकी त्याखालची जागा धरली.

काम चालू असताना मांजर गाडीत ठेवू नका. उघडी शेड, ग्राइंडरचा आवाज, बाहेर कुत्री. आम्ही ठमीला लॉजच्या खोलीत तिच्या जुन्याच चादरीसह ठेवलं. बुकिंग करतानाच मांजर असल्याचं सांगून टाकावं. एका संध्याकाळी ती पिंजऱ्यातून सोबत आली होती, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "ताई, आधी मांजर कुठंय ते बघा, मग ड्रिल लावतो." असा माणूस भेटला तर काम त्यालाच द्या.

काम संपल्यावरची सफाई स्वतः करा. लोखंडाचा कीस चुंबकाला लागतो, पण तांब्याच्या तारेचे केस लागत नाहीत. ते ओल्या फडक्यानेच निघतात. केबल टायचे कापलेले तुकडे एकेक वेचा, मांजरं ते गिळतात. खालच्या सगळ्या वायरी फ्लेक्झिबल पाइपमधून न्या, बॅटरीच्या टर्मिनलांवर रबरी टोप्या हव्यातच, आणि मुख्य फ्यूज बॅटरीला लागूनच. इन्व्हर्टर कोमट असतो म्हणून मांजर त्यावर जाऊन बसतं, केस इन्व्हर्टरच्या आतल्या पंख्यात ओढले जातात. त्याला जाळीची पेटी करा आणि जाळी अधूनमधून ब्रशने झाडा.

वेरूळच्या लेण्यांत मांजर नेता येत नाही. आम्ही सकाळी लवकर, पाळीने गेलो: एक जण कैलास लेण्यात, दुसरा गाडीत. (वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी.) पंखा बाहेरचीच हवा आत घेतो, बाहेर 38 अंश असेल तर आत त्याहून थंड होणार नाही, बॅटरी कितीही मोठी असो. तापमान मोबाइलवर कळवणारं यंत्र आमच्याकडे आहे, पण रेंज गेली की तेही मुकं, म्हणून ठमीला एकटं सोडत नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर लगेच गाडी चालू करून एसी लावा, पंजे आणि कान ओल्या फडक्याने पुसा, आणि डॉक्टर गाठा.

पैठणहून पाचोडला आलात की राष्ट्रीय महामार्ग 52 लागतो. गेवराई, बीड, धाराशिव करत तो तुळजापूरला उतरतो. बीडच्या पुढे मांजरसुंब्याचा घाट आहे. तो चढताना डीसी-डीसी चार्जर थोडा वेळ बंद ठेवला तर इंजिनवरचा आणि अल्टरनेटरवरचा भार हलका होतो.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी असते, मांजराची औषधं मिळतीलच असं नाही. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत; मार्ग आखतानाच त्यांचं अंतर पाहून ठेवा आणि लसीकरणाचं कार्ड गाडीच्या कागदपत्रांतच ठेवा.