पट्टीतला कागद

मंगळवार, रात्री साडेअकरा

कागद गेला.

सकाळी खाली जाऊन पाहिलं. लाल झाकणाचा डबा तळापर्यंत रिकामा. काल गाडी येऊन गेली असणार. दोनच पट्ट्या होत्या, बोटभर रुंद, चार चार घड्या घातलेल्या, हॅटच्या आतल्या चामडी पट्टीमागे एक उजवीकडे आणि एक डावीकडे खोचलेली. रविवारी संध्याकाळी मी त्या चिमट्याने ओढून काढल्या, रद्दीत टाकल्या आणि हात धुतले. हात धुतले, ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

हॅट शनिवारी मिळाली, इथे व्हिएन्नात, नाशमार्क्टच्या जुन्या बाजारात. केटनब्र्युकनगासे स्टेशनातून बाहेर पडलं की उजाडायच्या आतच मंडळी चादरी पसरून बसलेली असतात. कुणाचं तरी घर रिकामं केलेलं असतं. चमचे, चष्मे, फोटोंचे आल्बम, इस्त्रीचे टेबलक्लॉथ, सगळं एका चादरीवर. हॅट एका खोक्यात उलटी, बाकीच्या कपड्यांखाली दबलेली होती. हातात घेताच कळलं, हारफिल्त्स. लोकरीची नव्हे, सशाच्या केसांची. लोकरीची हॅट बोटाला जड आणि जराशी खरखरीत लागते. ही हलकी होती, मांजराच्या पाठीसारखी, गर्द हिरवी, वेलूरची लव अजून शाबूत. पट्टीवर सोनेरी अक्षरं अर्धी पुसलेली, पण ह्युकल या हॅट कारखानदारांचं नाव वाचता आलं आणि खाली गावाचं: नॉयटिटशाइन.

ते गाव आज त्या नावाने नकाशात सापडत नाही. ते नोव्ही यिचीन झालं आहे, चेक प्रजासत्ताकात. ह्युकलांचं काम तिथे १७९९ पासूनचं. १९४५ नंतर तिथल्या जर्मन लोकांना घालवून दिलं गेलं, कारखाना सरकारने घेतला, आणि तोनाक या नावाने तिथे अजून हॅटी होतात. मागच्या वर्षी तिथलं हॅटींचं संग्रहालय बघायला मी एकटाच गेलो होतो. माझ्या फळीवरच्या अकरा हॅटींपैकी चार अशा आहेत की त्यांच्या पोटात लिहिलेलं गाव आता दुसऱ्याच नावाने ओळखलं जातं. एकीत ब्रेस्लाउ आहे, ते आता व्रोत्स्वाफ. एक गुबेनची, त्या गावाचे तर नदीवर दोन तुकडे झाले, पलीकडचा पोलंडमध्ये गेला आणि गुबिन झाला. माणसं गेली, पाट्या बदलल्या, आणि चामड्यावर दाबलेलं नाव तेवढं जागच्या जागी राहिलं. म्हणून तर मी हे गोळा करतो. निदान आजवर मी स्वतःला असंच सांगत आलो.

मग कागद का काढला?

रविवारी स्वतःला दिलेलं कारण असं होतं की जुना वर्तमानपत्राचा कागद आम्ल धरतो, ओल धरतो, चामडं खातो. हे खरंच आहे. पट्टी त्या दोन जागी काळपट पडून तडकली होती. हॅट स्वच्छ करायची तर पट्टी बाहेर उलटवावी लागते, किटलीची वाफ द्यावी लागते, मऊ ब्रशने लवेच्या दिशेने झाडावं लागतं. त्यात कागद भिजला असता. सगळं बरोबर. पण मी तो वाळवून पाकिटात ठेवू शकलो असतो. कसरीने खाल्लेल्या रिबिनी मी डब्यात जपून ठेवल्या आहेत. मग हाच का फेकला?

आज ट्राममध्ये उभं असताना उत्तर आलं, आणि ते बरं नाही. हॅट ५८ची आहे, म्हणजे घेर ५८ सेंटिमीटर. माझं डोकं ५८. शनिवारी बाजारात घालून पाहिली तेव्हा ती घट्ट झाली होती आणि मला वाईट वाटलं होतं. आत बोट घालून चाचपलं तर कागद लागला, आणि मला आनंद झाला. आनंद! म्हणजे त्या माणसाला ही हॅट मोठी होत होती, आणि त्याने ती स्वतःपुरती लहान करून घेतली होती. मी त्याची घडी काढली आणि माझं डोकं आत घातलं. आरशासमोर उभा राहिलो. अगदी बरोबर बसली.

काढताना एक पट्टी थोडी उलगडली होती. जाड, टोकदार फ्राक्टूर अक्षरं. जानेवारी १९४१ मध्ये नाझी सरकारनेच या वळणाचा छापा बंद करायचा हुकूम काढला, तेव्हा कागद बहुधा त्याआधीचा. बटाट्यांची जाहिरात होती, आणि त्यात इथला शब्द होता, एर्डएप्फल. म्हणजे वर्तमानपत्र याच बाजूचं. वरच्या कोपऱ्यात तारखेचा तुकडा: '…टाग, २२. म…'. जर्मनमध्ये बुधवार सोडला तर इथे सगळे वार 'टाग'नेच संपतात. म म्हणजे मार्च की मे, तेही कापलेलं. एवढं वाचलं आणि तरी चुरगळलं. फोटोसुद्धा काढला नाही. फोन शेजारीच होता.

आणि ती हॅट कुणाच्या घरातून निघाली, हा दुसरा प्रश्न. १९३८ मध्ये नाझी आल्यानंतर या शहरात कुणाकुणाच्या, मुख्यतः ज्यूंच्या, दारातून काय काय बाहेर काढलं गेलं, ते वाचलेलं आहे. दर शनिवारी तो विचार मी स्टेशनाच्या पायऱ्यांवर ठेवतो आणि मग बाजारात उतरतो. आज त्यावर लिहिणं होणार नाही.

डोकं लहान कसं होतं? केस गेले की होतं, माणूस वाळला की होतं. किंवा हॅट वडिलांची असते. किंवा एवढाच आकार दुकानात शिल्लक असतो. मी मात्र त्याला आजारी करून टाकलं आहे. दोन दिवस मला एक वाळलेला माणूस दिसतो, खिडकीशी बसून वर्तमानपत्राची पट्टी फाडणारा, बोटाने घडी दाबणारा, पुन्हा घालून बघणारा.

अप्पांची टोपी शेवटी शेवटी भुवयांवर यायची. ताईने आतल्या पट्टीला दोन्ही कानांजवळ टाके घातले होते. हे मी फोटोत पाहिलं. तिकीट शुक्रवारचं होतं.

फेल्ट विणत नाहीत, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतो. उभा धागा नाही, आडवा नाही. सशाच्या केसाला सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, वाफ आणि दाब यांनी ते एकमेकांत अडकतात, आणि एकदा अडकले की सुटत नाहीत. आधी केसांचा भला मोठा शंकू करतात, डोक्याच्या कितीतरी पट, आणि मग तो आटवत, आटवत, आटवत लहान करतात. जितका आटला तितका चिवट. केस नीट अडकावेत म्हणून पूर्वी कातड्यांना पाऱ्याचं द्रावण लावायचे. त्या कामगारांचे हात थरथरायचे, बोलणं बिघडायचं. इतक्या जणांच्या हातांतून गेलेली वस्तू, आणि तिच्यात त्या एका माणसाने स्वतःच्या हाताने केलेलं काम काय, तर दोन घड्या. बाकी सगळं कारखान्याचं. त्याचं एवढंच होतं.

तेच मी फेकलं. इतकी वर्षं इथे राहून दुसऱ्यांचे अवशेष सांभाळतो, आणि घरी जे होतं त्यातलं काय सांभाळलं? ना चष्मा, ना काठी. सगळं ताईने निस्तरलं. मला कुणी विचारलंही नाही, आणि विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?

बुधवार, संध्याकाळी

काल वरचं लिहून झोप लागली नाही. पहाटे तीनला, म्हणजे तिकडे उजाडल्यावर, ताईला फोन केला. ती डब्याच्या गडबडीत. म्हटलं, "अगं, अप्पांची टोपी कुठाय?"

"कपाटात आहे की. का रे? बरा आहेस ना?"

"त्यातले टाके आहेत का अजून?"

"कुठले? ते मी उसवले मागेच. पिंट्याला गॅदरिंगला हवी होती टोपी, मास्तर झाला होता तो नाटकात. टाके ठेवले असते तर डोक्यात गेली असती का त्याच्या?"

उसवताना काही वाटलं का, असं विचारणार होतो. नाही विचारलं. मागे कुकरची शिट्टी झाली, ती म्हणाली, "पिंट्याचं डोकं अगदी अप्पांसारखं आहे, पाहिलंस ना?" आणि फोन ठेवला.

मी बराच वेळ स्वयंपाकघरात बसलो. तिने ब्लेडने टाके उसवले आणि पोराच्या डोक्यावर टोपी ठेवली. तिला ते काही काढून घेतल्यासारखं वाटलंच नसणार. माझी गोष्ट तशी नाही, त्या माणसाचा मी कुणी नाही. पण छातीवरचा दगड थोडा सरकला, एवढं खरं.

आज संध्याकाळी कामावरून येताना हॅट घातली होती. मुद्दाम वीडनर हाउप्टश्ट्रासेवरून आलो, हाबिगच्या जुन्या दुकानासमोरून. १८६२ सालचं नाव, सम्राटाच्या दरबाराला हॅटी पुरवणारं. तिथून नाशमार्क्ट दहा मिनिटांवर. तोही याच रस्त्याने चालला असेल, असं वाटून घ्यायला आज मी स्वतःला परवानगी दिली. कोपऱ्यावर वारा सुटला. हॅट हलली नाही.

घरी येऊन आम्ल नसलेल्या पातळ कागदाची एक पट्टी कापली आणि पेन्सिलीने लिहिलं. मराठीतच लिहिलं, दुसऱ्या भाषेत जमलं नसतं:

"शनिवारी नाशमार्क्टच्या बाजारातून घेतली. आत वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या होत्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. बटाट्यांची जाहिरात, बावीस तारीख. मी काढल्या. हॅट ५८, तुमचं डोकं बहुधा ५६."

चार घड्या घातल्या, चामड्यामागे उजवीकडे खोचली. घालून पाहिली. आता किंचित घट्ट होते.