१२७ दात्यांचा गिअर

शनिवार, रात्री

रे रोडला उतरून सगळी दुपार दारूखान्यात घालवली. माझ्या लेथला, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्राला, हवा असलेला १२७ दात्यांचा गिअर आजही मिळाला नाही. जुना लेथ मुंबईत मिळतो हो, पण तो त्याच्या संसारासकट मिळत नाही, हेच खरं दुखणं आहे. कारखाना बंद पडला की शेडमधला माल एकगठ्ठा उचलतात आणि वाटेतच त्याच्या वाटण्या होतात. मोटर तांब्यासाठी एकाकडे. चकला, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) पकडणाऱ्या भागाला, गिऱ्हाईक लगेच मिळतं म्हणून तो दुसऱ्याकडे. चेंज गिअर (आट्याचं माप बदलायला बदलून लावायचे गिअर), फेस प्लेट, स्टेडी रेस्ट अशा जोडसामानाला कुणी विचारत नाही. ते बिडाच्या ढिगात पडतात आणि किलोच्या भावाने भट्टीत जातात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कुणा टर्नरने वर्षानुवर्षं तेल लावून ते गिअर खिळ्यांना टांगून ठेवलेले असतात.

माझा लेथ जुना, इंग्लिश बनावटीचा, आटे पाडताना हत्यार पुढे नेणारा लीड स्क्रू ८ टीपीआयचा, म्हणजे इंचाला ८ आट्यांचा. इंची आटे झकास पाडतो. पण आपल्याकडे जिकडेतिकडे लागतात एम ६, एम ८, एम १० असे मिलिमीटरमधले, मेट्रिक आटे. १ इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, म्हणजेच १२७ भागिले ५. १२७ ही मूळ संख्या, तिचे तुकडे होत नाहीत. त्यामुळे इंची लीड स्क्रूवर अगदी अचूक मेट्रिक आटा हवा असेल तर गिअरच्या साखळीत १२७ दाते कुठेतरी यावेच लागतात.

जहाजाच्या इंजिन रूममधला एक लेथ आज पाहिला. बेड, म्हणजे ज्यावर बाकी भाग सरकतात तो खालचा पाया, इतका सुरेख की हात निघेना. पण मोटर ४४० व्होल्ट, थ्री फेज, ६० सायकलची आणि माझ्या भांडुपच्या खोलीत सिंगल फेज. शिवाय तो खोलीत मावला असता तर मी मावलो नसतो.

पुढे एका चाचांकडे सहा इंची, तीन जॉचा (पकडणाऱ्या जबड्यांचा) चक होता. घासूनपुसून लख्ख केलेला, भावही बरा. जॉ काढून बघू का विचारलं, तर म्हणाले, "खोल लो ना साहब, अपना ही माल है." चकवर नंबर असतो आणि बहुतेक वेळा तोच जॉवरही मारलेला असतो, शिवाय १, २, ३ असा क्रम. इथे दोन जॉवर चकचाच नंबर होता, तिसऱ्यावर भलताच. तिसरा जॉ दुसऱ्याच कुठल्या चकमधून आलेला. असा चक जॉब मधोमध धरेल याची खात्री नाही. चार जॉच्या चकला ही भीती नसते, कारण त्यात प्रत्येक जॉ स्वतंत्र फिरतो आणि डायल (काट्याचं मापक) लावून जॉब सेंटरला आणायचाच असतो. नवख्याने जुन्या बाजारात आधी चार जॉचाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

चाचांकडून घेतला तो ड्रिल चक बसवायचा आर्बर, म्हणजे निमुळता दांडा, २ नंबर मोर्स टेपरचा. टेपरवर नख फिरवून पाहिलं. टेलस्टॉकमध्ये (चकच्या समोरच्या टोकाच्या भागात) घसरून फिरलेल्या आर्बरवर गोल चरे उठतात आणि असा आर्बर आपला आतला टेपरही खराब करतो. हा गुळगुळीत निघाला.

मावसभावालाही लेथ घ्यायचा आहे, परतताना त्याचा फोन. त्याला म्हटलं, रंगाकडे बघू नकोस. सॅडल, म्हणजे बेडवर सरकणारा हत्यार धरायचा भाग, चकजवळ आणून तिथे गिब (ढिलाई काढायची पट्टी) बेताची घट्ट कर आणि मग टेलस्टॉककडे फिरव. पुढे जाऊन जड झालं तर बेड चकजवळ झिजलाय, कारण बहुतेक काम तिथेच होतं. क्रॉस स्लाइडच्या (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) बॅकलॅशला, म्हणजे स्क्रूतल्या ढिलाईला, घाबरू नकोस, गनमेटलचा नट नवा करता येतो. बेड नवा करता येत नाही. आणि लेथसोबतचे सगळे गिअर मोजून घे, पैसे त्यानंतर दे.

घरी आल्यावर साकीनाक्याच्या गिअर कटिंगवाल्याशी बोललो. १२७ दाते पाडायला लागणारा गिअर त्याच्या हॉबिंग मशीनच्या (दाते पाडायच्या मशीनच्या) सेटमध्ये नाही. "६३ सांगा, उद्या देतो," म्हणाला. हिशेब मांडून बसलो. ८० दात्यांचा माझ्याकडे आहे. १२७ आणि १०० दात्यांच्या जोडीने १.२७ मिळतं, त्याजागी ८० भागिले ६३ केलं तर १.२६९८ येतं. २० मिलिमीटर आट्यामागे फरक अडीच मायक्रॉन, माझ्या मायक्रोमीटरला दिसणारही नाही. मापात "चालतंय" म्हणायला जीभ रेटत नाही, पण इथे आकडाच हो म्हणतोय. शिवाय माझे गिअर २० डीपीचे, म्हणजे व्यासाच्या दर इंचाला २० दाते. त्या मापात १२७चा व्यास जवळजवळ साडेसहा इंच होतो, गिअरवरचं झाकण, गार्ड, लागला नसता. ६३चा सव्वातीन इंचच.

ब्लँक, म्हणजे दाते पाडायच्या आधीची चकती, मी माझ्याच लेथवर करणार. एमएसचा (माइल्ड स्टीलचा) तुकडा माळ्यावर आहे. मधलं भोक, बोअर, रीमरने नेमकं मारीन, बाहेरचा व्यास ३.२५ इंच. दाते आणि की-वे (चावी बसायची खाच) तेवढे त्याच्याकडून. नमुन्याला माझा एक गिअर बरोबर न्यायचा, कारण जुन्या गिअरांचा प्रेशर अँगल, म्हणजे दात्याच्या बाजूचा कोन, बहुधा साडेचौदा अंशांचा असतो आणि त्याच्याकडचे हॉब (दाते पाडायचे कटर) बहुतेक वीसचे असतील.