काउंटरखालची वही

आज दिवसभर सोलापुरातल्या एका किराणा दुकानात बसून होते. उधारीचं ॲप बनवणाऱ्या कंपनीसाठी. बघायचं, ऐकायचं, टिपून घ्यायचं, एवढंच काम. सर्व्हेत मालक म्हणाले होते, "सगळा हिशेब मोबाईलवर." पण काउंटरखालची लाल वही सारखी बाहेर येत होती. कारण? ॲपचा मेसेज घरातल्या एकुलत्या मोबाईलवर, म्हणजे नवऱ्याकडे जातो. कितीतरी बायकांना तो नको असतो. दुकानदार ते सांभाळून घेतात, न बोलता. मला ही माणुसकी फार मोठी वाटते.

१९८० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर झेरॉक्स कंपनीच्या, कॉपी मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांसोबत असेच फिरले. मशीन मॅन्युअलपेक्षा नाश्त्याच्या टेबलावरच्या किश्श्यांनी जास्त दुरुस्त होतं, हे त्यांना तिथे दिसलं. पुढे त्याच कंपनीत मेकॅनिकांच्या युक्त्या साठवणारी 'युरेका' ही यंत्रणा उभी राहिली.

संध्याकाळच्या कॉलवर विचारणा झाली: एआयलाच ग्राहक बनवून मुलाखती घेतल्या तर? मी ठाम नाही म्हटलं. टिपणं चाळायला एआय जरूर घ्या. पण जे कुणी कुठे लिहिलेलंच नाही, ते त्याला कुठून कळणार?

पुढच्या आठवड्यात बार्शी. या वेळी ॲप बनवणाऱ्यांपैकी दोघांना सोबत न्यायचं मान्य करून घेतलंय.