पुडीत काय आहे, एवढं विचारायला तीन गुरुवार

आईचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमी काम करायला लागली की रक्तात वाढणारा आकडा, मार्चमध्ये १.९ होतं, जूनमध्ये २.६ झालं. पोटॅशियम ५.९, तेही जास्तच. बेळगावच्या किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "गोळ्यांशिवाय आणखी काय काय पोटात जातंय?" आई गप्प. शेवटी मीच सांगितलं. दीड महिना झाडपाल्याची पुडी, सकाळी पुनर्नवा आणि गोखरूचा काढा, दुपारी शहाळं, आणि बीपीला चांगलं म्हणून आणलेलं कमी सोडियमचं मीठ. डॉक्टर रागावले नाहीत. काढा, शहाळं आणि ते मीठ त्याच दिवशी बंद करायला सांगितलं आणि म्हणाले, "पुडीतही काही असेल. काय आहे ते लिहून आणा."

मला वाटलं, एका फेरीचं काम.

पुडी देणारा माणूस हुक्केरी तालुक्यातल्या एका गावात दर गुरुवारी बसतो. खानापूरहून पहाटेची बस, बेळगावात बदलायची, पुढे दीड किलोमीटर चालत. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे आम्हा बायकांना बसचं तिकीट पडत नाही, पण दिवस जातोच. पत्र्याच्या शेडमध्ये सत्तर-ऐंशी माणसं होती, निपाणीची, चिक्कोडीची, पलीकडून गडहिंग्लज-चंदगडची. माझा नंबर ६३. दुपारी एक वाजता समोर बसले आणि विचारलं, "यात कुठली कुठली झाडं हायत, डॉक्टरांनी विचारलंय." तो म्हणाला, "नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो, आक्का." आणि पुढच्याला हाक मारली.

खरं सांगायचं तर तेव्हा मला ते पटलंही. आमच्या आजीनं काविळीच्या पाल्याचं नाव मरेपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. तसंच असेल म्हणून मी परत आले आणि आईला आणखी आठवडाभर पुडी घेऊ दिली. याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या गुरुवारी तो नव्हताच. पुतण्या पुड्या वाटत होता. वही पुढे केली तर म्हणाला, "सगळा झाडपालाच हाय, त्यानं काय व्हतंय? लिहून कुणालाच देत नाही." मागची माणसं ओरडायला लागली, मावशी सरका, आम्हाला बस आहे. मी सरकले. पावती मागितली, तीही नाही. पंधरा दिवसांच्या पुडीला सातशे रुपये, तीन वेळा भरले होते.

तिसऱ्या गुरुवारी रिपोर्टच घेऊन गेले. सकाळी साडेसातला पोचले, नंबर ११. त्यानं कागद हातात धरला, आकडे पाहिले की नाही देव जाणे, आणि म्हणाला, "दिवसाला एक पुडी वाढवा. आणि इंग्रजी गोळ्या बंद करा, त्यानंच किडनी खराब व्हती." आईला बारा वर्षं साखर आणि बीपी. बीपीची गोळी बंद केली तर उरलीसुरली किडनीही जाईल, हे डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मी तिथंच उठले. बाहेर येऊन बसथांब्यावर रडले. तीन गुरुवार, आणि वहीत एक अक्षर नाही.

परतताना बेळगावातल्या शहापूरच्या एका वैद्यांकडे पुडी दाखवली. ते शिकलेले, नोंदणी असलेले. त्यांनी चिमूट चोळून पाहिली, म्हणाले, "नुसत्या पाल्याला एवढं वजन नसतं. भस्म मिसळलं असेल, नसेलही. डोळ्यांनी सांगता येत नाही." भस्म म्हणजे धातू-खनिजं जाळून केलेली राख, ती नीट तयार झालेली नसेल तर त्यातून शिसं, पारा पोटात जातो आणि तो किडनीलाच धरतो. त्यांनी जे सांगितलं ते मला आधीच कळायला हवं होतं. परवान्यानं बनवलेल्या आयुर्वेदिक औषधावर सगळे घटक, परवाना क्रमांक, बॅच आणि तयार केल्याची तारीख छापावीच लागते. वर्तमानपत्रात बांधलेल्या पुडीवर काहीच नसतं. ईश्वरी नावाच्या वेलीच्या कुळातल्या काही मुळांनी किडनी कायमची जाते, हेही त्यांच्याकडूनच कळलं. १९९० नंतर बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत तसलं मूळ मिसळलं गेलं आणि कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या.

डॉक्टरांना रिकामी वही दाखवली. ते म्हणाले, "यादी देत नाहीत, म्हणजे हेच उत्तर. बंद करा." झालं.

तीन आठवड्यांनी पोटॅशियम ४.८, क्रिएटिनिन २.४. पुडीमुळंच चढलं होतं असं मी म्हणणार नाही, कारण तोवर चारही गोष्टी बंद झाल्या होत्या. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, २२ आहे, म्हणजे किडनीच्या आजाराच्या पाचांतला चौथा टप्पा. तो काही मागं जाणार नाही.

मिठाचं सांगायचं राहिलं. कमी सोडियमच्या पाकिटावर मागं बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं असतं, किडनीच्या माणसाला तेच नको. सैंधवही शेवटी सोडियमच, ते चालतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बटाट्यातलं पोटॅशियम कमी व्हावं म्हणून तो चिरून, भिजवून, उकडून पाणी ओतून टाकते, तरी थोडाच देते. आमच्याकडे गोव्याकडून करमळं (कमरख, स्टारफ्रूट) येतात, ती किडनीच्या आजारात एकसुद्धा नको, डोक्यावर परिणाम होऊन फिट येतात. गुडघ्यासाठी दुकानातून आणायची दुखण्याची गोळी, तीही बंद. डॉक्टरांनी सोड्याची गोळी दिली आहे, रक्तातलं आम्ल वाढलंय म्हणून. ती रक्त तपासून दिलेली आहे. शेजारीण म्हणाली, मग घरातलाच खायचा सोडा द्या की. नाही दिला. ड जीवनसत्त्व आणि लोहही तपासल्यावरच सुरू झालं.

आई अजून म्हणते, त्या पुडीनं पायाची सूज उतरली होती. उतरली होती, मीही पाहिलं. वैद्य म्हणाले, ते काढ्यातल्या पुनर्नव्यानंही झालं असेल, तिनं लघवी सुटते. सूज उतरली म्हणजे किडनी सुधारली असं नाही, हे तिला रिपोर्ट हातात देऊन सांगते. ती ऐकते, पण अकरा पुड्या टाकू देत नाही. देवघराच्या फडताळात डब्यात आहेत. मी घरी नसताना वहिनीनं चुकून देऊ नये म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय, आईला देऊ नये, आणि खाली डॉक्टरांचा फोन नंबर.