सात मिनिटांचे भाषण, चौथा मसुदा: गाडी ईथॉसवरच, म्हणजे वक्त्यावरच्या विश्वासावरच अडली

लोगॉस (तर्क आणि हिशेब) पक्का झाला असून आता फक्त पॅथॉसला (भावनेला घातलेल्या हाकेला) हात लावायचा उरला आहे, असे मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिले होते. रविवारी गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीच्या सभेत, गच्चीवरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे या विषयावरील ते भाषण प्रत्यक्ष केले आणि दुसऱ्याच मिनिटाला पुरता उघडा पडलो.

हिशेब चोख होता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. नाशिकचा वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर आमच्या ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर २ लाख १० हजार लिटर पाणी पडते. हा आकडा ऐकून मागच्या रांगेतली कुजबुज थांबली, आणि ते चार क्षण मी मनात जपून ठेवले आहेत. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकांनी शांतपणे विचारले, "इंदिरानगरच्या तुमच्या रो-हाउसला बसवलंय का हो हे?" बसवलेले नाही. त्यानंतरची पाच मिनिटे मी बोलत होतो एवढेच. ऐकत कोणी नव्हते.

ॲरिस्टॉटलने वक्त्यावरच्या विश्वासाची तीन अंगे सांगितली आहेत: व्यवहारज्ञान, सद्गुण आणि श्रोत्यांविषयी सद्भावना. माझी सगळी मेहनत पहिल्यावर गेली आणि काकांनी नेमके दुसऱ्यावर बोट ठेवले. हा विश्वास भाषणातूनच निर्माण व्हावा, वक्त्याच्या पूर्वलौकिकातून नव्हे, असेही तो म्हणतो. ते मला पूर्ण पटत नाही. आपल्याच जिल्ह्यात येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह उभा होता. ते वजन निव्वळ शब्दरचनेने आले नसते.

ध्वनिमुद्रण ऐकल्यावर आणखी एक खोट सापडली: पहिल्या दीड मिनिटात 'मी' अकरा वेळा आला आहे. (ऑनलाइन मागवलेल्या कॉलर माइकच्या नादी कोणी लागू नये, त्यात 'स' आणि 'श' एकच ऐकू येतात. टेबलावर ठेवलेला साधा मोबाइल त्याहून सरस निघाला.)

पाचव्या मसुद्यात पहिलेच वाक्य कबुलीचे ठेवले आहे: "माझ्या स्वतःच्या गच्चीवरचे पाणी आजही गटारात जाते." टँकरच्या रांगेतल्या आजींचा प्रसंग शेवटी न्यायचा, असे ठरवले होते, पण हे लिहिता लिहिताच जाणवते आहे की कबुलीनंतर लगेच अश्रू काढले, तर ते नाटकी वाटेल. आजींना रजा. त्यांच्या जागी आमच्याच सोसायटीचे एप्रिल-मे महिन्यांतले टँकरचे बिल वाचून दाखवीन. पॅथॉसचे काम तेच करील आणि लोगॉसलाही हातभार लागेल.

प्लंबरला मात्र आज सकाळीच फोन केला. तो गुरुवारी इंदिरानगरला येऊन पाइपांची मापे घेणार आहे, त्यामुळे पुढची सभा महिनाभर लांबली तरी माझी हरकत नाही.