गीतरत्न : मग्दालीयेच्या सणाआधीची पाने

१४ जुलै

२२ जुलैला येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिचा सण. त्या दिवशी मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या उपासनेत, पहिले वाचन गीतरत्न या बायबलमधल्या प्रेमकाव्यातून घेता येते. एरवी हे पुस्तक उपासनेत क्वचितच कानावर पडते : एखाद्या लग्नात, नाताळच्या तोंडावर २१ डिसेंबरला, आणि या सणाला. एवढ्याने त्याची ओळख होत नाही. आठवडाभर आधीच ते उघडून बसावे.

आठ अध्याय, ११७ वचने. सलग वाचायला वीसेक मिनिटे पुरतात, आणि पहिले वाचन सलग व मोठ्यानेच करावे. हातात पेन्सिल असावी. समासात ‘ती’, ‘तो’, ‘सख्या’ अशा खुणा करत जावे, कारण या काव्याला निवेदक नाही. कोण कोणाशी बोलतेय हे सांगायला कुणी मध्ये येत नाही, आणि नवा वाचक दुसऱ्या अध्यायातच गोंधळतो तो यामुळे. हिब्रूत स्त्रीला म्हणायचा ‘तू’ वेगळा आणि पुरुषाला म्हणायचा वेगळा, त्यामुळे मूळ ऐकणाऱ्याला आवाज ओळखू येत. मराठीत ‘तू’ एकच, पण आपली क्रियापदे बोलणाऱ्याला उघडे पाडतात. निजले, उठले, फिरले. तिथे ‘ती’ लिहून पुढे जावे.

या क्रियापदांपाशी पुरुष वाचकाने जरा थांबावे. पाचव्या अध्यायात ती म्हणते, मी निजले होते पण माझे मन जागे होते. मोठ्याने वाचणाऱ्या पुरुषाला ‘निजले’ असेच म्हणावे लागते, ‘निजलो’ म्हणून चालत नाही. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लेरव्होच्या मठात मठाधिपती बर्नार्डसमोर बसणारे सगळे पुरुष होते, आणि त्यांना हेच सांगितले जात होते की या काव्यातली वधू म्हणजे तुमचा आत्मा. देवासमोर आपण प्रेम करणारे नंतर, आधी प्रेम मिळालेले. हा क्रम मान्य करणे कर्त्या माणसाला जड जाते. मराठी कानाला मात्र ही भूमिका परकी नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी वाचलेल्याला स्त्रीच्या तोंडून बोलणारा पुरुष नवा वाटू नये.

आपल्याकडच्या ख्रिस्ती भक्तीत मात्र आईचे नाते अधिक रुजले. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटले आणि ते मराठी मनाला लगेच पटले. गीतरत्न दुसरे नाते मागते. गंमत अशी की आईचा उल्लेख या काव्यातही सात वेळा येतो, बापाचा एकदाही नाही.

१६ जुलै

दुसऱ्यांदा वाचताना घाई होते ती अर्थ लावण्याची. ‘हे म्हणजे ते’ अशी यादी सुरू होते. पहिल्या अध्यायात ती म्हणते, माझा वल्लभ माझ्या स्तनांमध्ये राहणारी गंधरसाची पुडी आहे. काही प्राचीन भाष्यकारांनी लगेच उलगडा केला : एक स्तन जुना करार, दुसरा नवा करार, मधला गंधरस म्हणजे ख्रिस्त. चूक म्हणता येणार नाही, पण एवढे झाले की पुडीचा वास उडून जातो. बर्नार्ड त्याच वचनावर, गीतरत्नावरच्या आपल्या ४३व्या प्रवचनात, वेगळे करतो. गंधरस कडू असतो हे तो आधी ध्यानात घेतो, मग ख्रिस्ताच्या आयुष्यातले कष्ट, पाळण्यातल्या गरजेपासून क्रुसाच्या खिळ्यांपर्यंत, एकेक गोळा करून त्यांची जुडी बांधतो आणि ती छातीशी ठेवतो. इथे पुडी पुडीच राहते. ती उराशी धरता येते.

म्हणून सोपा नियम : आधी वस्तू, मग अर्थ. वस्तू हाताळून झाल्याशिवाय अर्थाकडे वळू नये.

जटामांसीचेच घ्या. १:१२ मध्ये, म्हणजे पहिल्या अध्यायाच्या बाराव्या वचनात, राजा बसलेला आहे आणि तिच्या जटामांसीचा सुगंध दरवळतो. मराठी बायबलने हा शब्द वापरला हे आपले भाग्य, कारण ही वस्तू काष्ठौषधीच्या दुकानात आजही मिळते. तपकिरी, केसाळ मुळी. वास गोड नाही. मातकट, जड, हाताला लागला की बराच वेळ राहणारा. ती हिमालयाच्या उंच भागात उगवते, म्हणजे यरुशलेमला पोहोचेपर्यंत तिची किंमत काय होत असेल ते दिसते. आता योहानाच्या शुभवर्तमानाचा १२वा अध्याय उघडावा. बेथानीत मरीया (लाजराची बहीण, मग्दालीया नव्हे) याच जटामांसीचे तेल येशूच्या पायांना लावते, सुमारे सव्वातीनशे ग्रॅम, आणि घर वासाने भरून जाते. यहूदा हिशोब करतो, तीनशे दिनार. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, तेव्हा जवळजवळ वर्षाची कमाई. येशू भोजनाला बसलेला, तेल जटामांसीचे, आणि वास सगळीकडे. हे दोन उतारे शेजारी ठेवले की वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

उलटी चूकही तितकीच होते. हे फक्त लग्नातले गाणे, देवाचे नावसुद्धा नाही, असे म्हणून पुस्तक मिटले जाते. नाव उघडपणे येत नाही हे खरे. पण ८:६ मध्ये, प्रीती मृत्यूसारखी बळकट आहे असे म्हटल्यावर, तिच्या ज्वाळेसाठी जो शब्द येतो त्याच्या शेवटी ‘याह’ आहे. तो याव्हे या देवाच्या हिब्रू नावाचा आखूड उच्चार. काही भाषांतरकार त्याचा अर्थ नुसता ‘प्रचंड ज्वाळा’ घेतात, काही ‘परमेश्वराची ज्वाळा’. दुसरा अर्थ घ्यावा असे मला मनापासून वाटते. माणसांच्या प्रेमातली आग कुठून आली हे कवीने एका अक्षरात सांगितले आणि तो पुढे गेला.

१९ जुलै

आज फक्त ५:२ ते ५:६. पाच वचने, अर्धा तास.

तो दार ठोठावतो. त्याचे डोके दवाने भिजलेले आहे. ती आतून म्हणते, मी अंगरखा काढून ठेवला, तो पुन्हा कसा घालू? पाय धुतले, ते पुन्हा कसे मळवू? नकार नाही, नुसता आळस. तो कडीच्या भोकातून हात घालतो, तिचे काळीज हलते, ती उठते, बोटांवरून गंधरस ओघळून कडीला लागतो, दार उघडते. आणि तो गेलेला असतो.

हा भाग वाचताना बहुतेकांचे मन शिक्षा शोधते : उशीर केला, म्हणून देव रागावून निघून गेला. मजकुरात रागाचा एक शब्द नाही. कडीवर गंधरस आहे, तो आला होता याची खूण म्हणून. बर्नार्ड ७४व्या प्रवचनात असेच काहीसे स्वतःबद्दल सांगतो, तेही संकोचत. शब्द, म्हणजे ख्रिस्त, माझ्याकडे अनेकदा आला, तो म्हणतो, पण येतानाही कळला नाही आणि जातानाही नाही. आत काहीतरी हलले, दगड झालेले मन मऊ झाले, त्यावरूनच तो आला होता हे समजले. ज्यांची प्रार्थना महिनोन्महिने कोरडी जाते त्यांनी हा उतारा पाठ करून ठेवावा. कोरडेपणा म्हणजे सोडून दिल्याचा पुरावा असे इथे कुठेच म्हटलेले नाही.

शारीरिक, मानवी प्रेम ओलांडून देवाकडे जायचे असे पुष्कळांना शिकवले जाते. त्यांना बर्नार्डचे २६वे प्रवचन दाखवावे. विषय होता १:५ मधले केदारचे, म्हणजे त्या नावाच्या भटक्या टोळीचे, तंबू. थोडे बोलून झाले आणि तो थांबला, कारण भाऊ जेरार्ड वारला होता. उरलेले सगळे प्रवचन म्हणजे भावासाठीचा आक्रोश. दैवी प्रेमावर इतके लिहिणाऱ्याने तो भाग काढून टाकला नाही. भाष्यातच राहू दिला.

आणि एक धागा. २:१६ ला ती म्हणते, माझा वल्लभ माझा आहे आणि मी त्याची. ६:३ ला क्रम उलटतो, मी त्याची आहे आणि तो माझा. ७:१० ला ‘माझा’ गळून पडते : मी त्याची आहे, आणि त्याची ओढ माझ्याकडे आहे. ओढीसाठी इथे आलेला हिब्रू शब्द, तेशूका, साऱ्या जुन्या करारात तीनदाच येतो. त्यातला एक उत्पत्ती ३:१६ मध्ये, एदेनच्या शापात : तुझी ओढ नवऱ्याकडे राहील आणि तो तुझ्यावर धनीपण करील. गीतरत्नात ओढ त्याची आहे आणि धनीपणाचा उल्लेखही नाही. बागेत जे बिघडले ते बागेतच दुरुस्त होते आहे. हा शब्द या जागी पहिल्यांदा दिसतो तेव्हा खरेच पुस्तक खाली ठेवून गप्प बसावेसे वाटते.

२१ जुलै

उद्याचे वाचन ३:१ पासून. चार वचने, आणि प्रत्येकात ‘माझ्या जिवाला प्रिय असलेला’. ती रात्री अंथरुणावर त्याला शोधते, मग गावात, मग पहारेकऱ्यांना विचारते. त्यांना ओलांडून पुढे जाते न जाते तोच तो सापडतो.

मिस्सेतले वाचन ‘सापडला’ इथे थांबते. घरी चौथे वचन पूर्ण वाचून जावे, कारण पुढे ती म्हणते, मी त्याला धरले आणि सोडले नाही. हे ध्यानात असले की शुभवर्तमान वेगळेच ऐकू येते. योहान २०मध्ये पुन्हा अंधार, पुन्हा बाग, पुन्हा एकटी स्त्री. देवदूतांना सांगणे, माळी समजून विचारणे. येशूचा प्रश्न : कोणाला शोधतेस? मग नुसती ‘मरीये’ अशी हाक. आणि लगेच, मला धरून ठेवू नकोस, माझ्या भावांकडे जा. गीतरत्नातली ती त्याला आईच्या घरी घेऊन जाते. मरीयेला मोकळ्या हातांनी परतून बातमी सांगायची आहे. २०१६मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा दिला तो प्रेषितांची प्रेषिता म्हणून.

बर्नार्डने ११३५मध्ये गीतरत्नावर बोलायला सुरुवात केली. ८४व्या प्रवचनात तो सांगतो की जो देवाला शोधतो त्याला देवाने आधीच शोधलेले असते. १८ वर्षांत ८६ प्रवचने झाली आणि १ल्या वचनापासून तो जेमतेम ३:१पर्यंत आला, रात्री अंथरुणावर मी त्याला शोधले, या शब्दांपर्यंत. ११५३मध्ये तो वारला. सापडण्याचे वचन तिथून तीनच ओळी पुढे आहे.

उद्या वाचन तिथूनच सुरू होईल.